नागपूरच्या उन्हापावसात टिकेल असा लाकडी डेक: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

लाकडी डेक म्हणजे अंगणात किंवा गच्चीवर बसण्यासाठी केलेला फळ्यांचा ओटा. नागपुरात तो टिकत नाही, हे तुम्ही काम काढण्याआधीच दोन-चार जणांकडून ऐकाल. मला ते मान्य नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या तुळयांत आणि चौकटींत कित्येक पिढ्या उभं आहे. डेक खराब होतो तो बहुतेक वेळा खालून. फळ्यांखाली पाणी साचतं, हवा खेळत नाही, बत्ते (फळ्या ज्यांवर ठोकतात ती खालची लाकडं) थेट मातीला टेकलेले असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात पाय ठेवला की फळी दबते. तेव्हा दोष लाकडाला दिला जातो. म्हणून इथे फळीच्या रंगाबद्दल कमी आणि तिच्या खालच्या सहा इंचांबद्दल जास्त लिहिते आहे.

आपलं हवामान लाकडाला दोन टोकांना ओढतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो (२३ मे २०१३ ला तो ४७.९ पर्यंत गेला होता) आणि हवा इतकी कोरडी होते की लाकडातला बराचसा ओलावा निघून जातो. जूनच्या मध्यानंतर तेच लाकूड तीन महिने दमट हवेत आणि पाण्यात असतं. उन्हाळ्यात ते आकसतं, पावसाळ्यात फुगतं. लांबीत हा फरक जवळपास जाणवत नाही, सगळा फरक रुंदीत आणि जाडीत पडतो. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतील.

आधी जागा ठरवा

डेक कधी वापरणार, याचं खरं उत्तर स्वतःला द्या. नागपुरात उन्हाळ्यात माणसं अंगणात बसतात ती संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी नऊच्या आत. पश्चिमेच्या उन्हात दिवसभर तापलेल्या फळ्यांवर संध्याकाळीही अनवाणी बसवत नाही. जागा निवडता येत असेल तर घराच्या पूर्वेला घ्या, दुपारनंतर तिथे घराचीच सावली पडते. पश्चिमेशिवाय पर्याय नसेल तर हिरव्या जाळीची किंवा वेलाच्या मांडवाची सोय आधी करा, डेक नंतर.

झाडाखालची जागा मोहक वाटते. कडुलिंबाखाली चालेल, फक्त पानगळीत रोज झाडावं लागेल. जांभळाखाली मात्र नको. जूनमध्ये गळणाऱ्या जांभळांचे डाग तेलपाणी करूनही नीट जात नाहीत.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याकडचीच: कुलर. खिडकीतल्या कुलरचं पाणी कुठे ठिबकतं ते पाहा. मार्च ते जून रोज एकाच जागी ठिबकणारं क्षारयुक्त पाणी फळीवर पांढरे थर चढवतं आणि तेवढाच तुकडा सडवतं. कुलरच्या ओव्हरफ्लोला नळी लावून ती डेकच्या बाहेर काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण डेक बसण्याआधीच करायचं.

लाकूड कोणतं

सागवान हा माझा पहिला पर्याय. त्यात नैसर्गिक तेल असतं, गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि आकसण्या-फुगण्यात ते बऱ्याच लाकडांपेक्षा शांत असतं. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान रुंदीत साधारण अडीच ते सहा टक्के आकसतं, चिराई कशी झाली त्यावर ते ठरतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागवानाला बाजारात सीपी (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) सागवान असंही म्हणतात.

लकडगंजला, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, गेलात की फळीचा वरचा तुकतुकीत चेहरा पाहून भाव ठरवू नका. फळी उभी करा आणि तिचं टोक पाहा. मधला सोनेरी-तपकिरी भाग म्हणजे गाभा, कडेचा फिकट पांढरट पट्टा म्हणजे सफेदी. सफेदी वाळवीला आणि बुरशीला लगेच बळी पडते, मग ती सागवानाची असली तरी. कपाटाच्या आत थोडी सफेदी चालून जाते, उघड्यावरच्या डेकला नाही. टोकाला केसासारख्या बारीक भेगा असतील तर त्या कुठपर्यंत जातात ते बोटाने तपासा. अर्ध्या इंचात संपत असतील तर तेवढं कापून टाकता येतं. नंतर फळी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहा, पीळ असेल तर लगेच दिसतो. पिळलेली फळी स्क्रू मारून सरळ होईल असं कुणी म्हणालं तरी ती बाजूला ठेवा. पहिल्याच मे महिन्यात ती स्क्रू उपटून वर येते.

ओलावा मोजायचं छोटं मीटर बऱ्याच आरा मशीनवाल्यांकडे असतं. १२ टक्क्यांच्या आसपास आकडा आला तर लाकूड मुरलेलं, म्हणजे पुरेसं वाळलेलं आहे. २० च्या पुढे असेल तर ते आणून सावलीत, मध्ये रिपा घालून, हवा खेळेल असं रचून ठेवा आणि पुरेसं वाळल्याशिवाय बसवू नका.

जुन्या वाड्यांचं पाडकामातलं सागवान मिळालं तर सोडू नका. ते कित्येक वर्षं मुरलेलं असतं, तुळयांत बहुतेक गाभाच असतो, आणि त्याच्या रेघा आजच्या लागवडीच्या लाकडात क्वचित दिसतात. अडचण एकच, आत दडलेले खिळे. चिरायला देण्याआधी लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढावा लागतो, नाहीतर आरा मशीनवाला पहिल्या ठिणगीला काम थांबवेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

सागवान बजेटमध्ये बसत नसेल तर ऐन आणि बिजा ही आपल्याच रानातली दणकट लाकडं आहेत. ऐन जड असतं आणि वाळताना चिरतं, म्हणून ते फळीपेक्षा खालच्या बत्त्यांना बरं. परदेशी पाइन घेणार असाल तर फक्त दाबाखाली औषध मुरवलेलं घ्या. साधं पाइन नागपूरच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नये. प्लायवूड, मरीन असलं तरी, डेकच्या पृष्ठभागाला नको.

डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या फळ्या, यांना तेलपाणी लागत नाही आणि वाळवीही लागत नाही. पण उन्हात त्या लाकडापेक्षा जास्त तापतात, आणि तापल्यावर लांबीत वाढतात. त्यामुळे टोकांशी जागा सोडावी लागते आणि बत्ते जवळजवळ, फूटभर अंतरावर लागतात. ज्यांना देखभाल जमणारच नाही त्यांनी सावलीच्या बाजूला डब्ल्यूपीसी खुशाल घ्यावं. भर उन्हात मी घेणार नाही.

किती लागेल

समजा डेक १२ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. एक इंची फळी धरली तर १२० चौरस फुटांना १० घनफूट लाकूड लागतं. खाली २ × ३ इंचाचे बत्ते १६ इंचांवर टाकले तर १० फुटी १० बत्ते होतात, म्हणजे साधारण सव्वाचार घनफूट. कापाकापी आणि बाद तुकडे धरून १६ घनफूट मागवा. चार इंची फळ्या साधारण २८ बसतात, प्रत्येक फळीला प्रत्येक बत्त्यावर दोन स्क्रू, म्हणजे ५६०, सहाशे घ्या.

भाव विचारताना एक प्रश्न हटकून विचारा: हा एक इंच रंधा मारण्याआधीचा की नंतरचा? दोन्ही बाजूंनी रंधा मारल्यावर आठ सूत (म्हणजे एक इंच) फळी सात सूत उरते. सात सूत चालते, सहाच्या खाली नको. लांब फळीचा घनफुटाचा भावही जास्त असतो. बारा फुटी एकसंध फळीचा हट्ट सोडून सहा फुटी दोन घेतल्या तर पैसे वाचतात, फक्त सांधा बत्त्यावरच यायला हवा आणि तिथे दोन बत्ते शेजारी शेजारी हवेत. ते जादा बत्ते हिशेबात वाढवून धरा. पक्कं बिल घ्या आणि माल मोठा असेल तर वाहतुकीचा वन परवाना विचारून घ्या.

जमिनीवर बसवताना

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तू दरवर्षी थोडी वर-खाली होते. खोल पाया न घेता ही हालचाल पूर्ण थांबवता येत नाही, आणि डेकसाठी तेवढा खर्च करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी डेक असा बांधायचा की हलला तरी मोडणार नाही आणि पुन्हा लेव्हलला आणता येईल.

वरची माती फूटभर काढा. मुरूम दोन थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करा. घरापासून बाहेरच्या बाजूला फुटाला पाव इंच उतार ठेवा. त्यावर तीन-चार इंच गिट्टी पसरा, म्हणजे पाणी खाली निघून जाईल आणि गवतही कमी येईल. गिट्टीवर चार-चार फुटांवर काँक्रीटचे ठोकळे ठेवा. ठोकळ्यावर लोखंडी प्लेट, प्लेटवर सांगाडा. एखादा ठोकळा खचला तर प्लेटखाली पातळ पत्रा सरकवून उंची मिळवता येते.

डेक घराच्या जोत्याला कधीही जोडू नका. मध्ये इंचभर मोकळी जागा सोडा. घराचा पाया खोल आहे, डेकचा नाही. माती फुगली की दोघं वेगवेगळे हलणार, जोडलेले असतील तर एकमेकांना ओढणार, शिवाय त्या फटीतून भिंतीवर चढणारी वाळवी तुम्हाला दिसत राहते.

फळीपासून गिट्टीपर्यंत किमान सहा इंच मोकळी जागा हवी. बाजू फळ्यांनी बंद करू नका, पाव इंची जाळी लावा. हवा खेळते, आणि पावसाळ्यात साप-विंचू आत जाऊन बसत नाहीत. नागपूरच्या बाहेरच्या ले-आउटमध्ये, बेसा-हिंगण्याकडे राहणाऱ्यांनी ही जाळी गाळूच नये.

गच्चीवर बसवताना

गच्चीचा नियम एकच: स्लॅबला भोक पाडायचं नाही. वॉटरप्रूफिंगमधून एक स्क्रू गेला तरी पुढच्या पावसात खालच्या खोलीच्या छताला ओल येते. सांगाडा रबरी पॅडवर नुसता ठेवायचा. बत्ते पाण्याच्या उताराच्या दिशेने टाका, आडवे टाकलेत तर तेच बांध बनून पाणी अडवतील. पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपच्या जाळीवर डेकचा दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा वेगळा, उचलता येईल असा ठेवा. जुलैमध्ये पाला अडकला की तो उघडावाच लागतो.

वजनाची काळजी करणारे पुष्कळ भेटतात. वरच्या मापाचा सागवानी डेक साधारण ३०० किलो भरतो, म्हणजे चौरस फुटाला अडीच किलो. स्लॅबला ते फार नाही. खरं वजन ओल्या मातीच्या मोठ्या कुंड्यांचं असतं, त्या कॉलम-बीमच्या रेषेत ठेवा. आणि हे विसरू नका: डेकने जमीन चार-पाच इंच वर येते, म्हणजे कठडा तेवढाच बुटका होतो. डेकच्या वरून मोजून साडेतीन फूट भरत नसेल तर वर रेलिंग घ्या. घरात लहान मुलं असतील तर कुंड्या कठड्याला टेकून ठेवू नका, मुलं त्यावर चढतात.

सांगाडा

माझं मत विचाराल तर जमिनीवरच्या डेकला बत्ते लाकडाचे न घेता जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) चौकोनी पाइपचा सांगाडा करा आणि वर सागवानी फळ्या बसवा. वाळवीचा प्रश्न निम्म्याहून कमी होतो, खर्चही सागवानी बत्त्यांपेक्षा सहसा जास्त येत नाही. वेल्डिंगच्या जागी झिंकचं प्रायमर लावून घ्या, पाइपची उघडी टोकं बंद करा. फळी आणि लोखंड यांच्यामध्ये डांबरी टेपची पट्टी टाका, नाहीतर पाणी नेमकं तिथेच धरून राहतं.

दोन पाइपांमधलं किंवा बत्त्यांमधलं अंतर मधोमध १६ इंच. गुनिया लावून काटकोन तपासा, आणि दोन्ही कर्ण सुतळीने मोजा. कर्ण सारखे आले तरच पुढे जा.

फळ्या बसवणं

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. तेव्हा लाकडातला ओलावा मधल्या पातळीवर असतो. भर पावसाळ्यात फळी बसवली तर मेमध्ये फटी रुंदावतात.

प्रत्येक फळीला बसवण्याआधी चारही बाजूंनी तेल लावून घ्या. टोकांना दोनदा, कारण लाकूड सर्वात जास्त पाणी टोकांतूनच पितं. जागेवर कापलेल्या टोकालाही लगेच तेल.

फटीवरून सुताराशी तुमचा हमखास वाद होईल. "ताई, फट कायले ठेवता? खाली कचरा जाते ना!" त्याचं म्हणणं घरातल्या कामाला बरोबर आहे, तिथे सांधा घट्ट लागतो. इथे त्याला हिशेब दाखवा. चार इंची सागवानी फळी पावसाळ्यात मिलिमीटरभर किंवा थोडी जास्त फुगते, आणि फट बुजली की पाणी वरच थांबतं. दोन सूत, म्हणजे सहा मिलिमीटर फट ठेवा. दोन सुती पट्टीचे तुकडे कापून त्याच्या हातात द्या आणि प्रत्येक फळीला तेच मध्ये धरायला लावा. डोळ्याच्या अंदाजाने ठेवलेल्या फटी दहाव्या फळीपर्यंत तिरक्या होतात.

स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडी स्क्रूभोवती पहिल्याच पावसाळ्यात काळे डाग उमटतात. लाकडी बत्त्यांवर एक इंची फळीला अडीच इंची स्क्रू लागतो, पाइपच्या सांगाड्यावर स्वतः भोक पाडणारे स्क्रू घ्या. फळीला आधी ड्रिलने भोक पाडायचंच, कडेपासून पाऊण इंच आत. डोकं फळीच्या पातळीत बसवा, खोल खड्डा केलात तर त्यात पाणी राहील. डिंक किंवा फेविकॉल कुठेच नको, कारण उद्या एखादी फळी उघडावी लागेल.

शेवटी बादलीभर पाणी ओता आणि पाहा. पाणी फटीतून लगेच खाली गेलं पाहिजे आणि खालूनही वाहून गेलं पाहिजे.

तेल की वार्निश

वार्निश, पीयू, मेलामाइन असं कुठलंही थर धरणारं पॉलिश डेकला लावू नका. आपल्या उन्हात त्याला भेगा पडतात, भेगेतून पाणी आत जातं आणि थराखाली अडकतं. दुसऱ्या वर्षी ते पापुद्र्याने निघतं, आणि मग सगळं घासून काढण्याशिवाय इलाज नसतो. लाकडात मुरणारं, हलका रंग असलेलं बाहेरच्या कामाचं तेल घ्या. ऊन लाकडाला जाळतं ते थोपवायचं काम त्यातला रंगच करतो. बिनरंगी तेलाने पाणी अडतं, पण लाकूड राखाडी व्हायचं थांबत नाही.

विदर्भात जवसाचं तेल सहज मिळतं, म्हणून बरेच जण तेच लावतात. कच्चं जवस तेल वाळायला फार वेळ घेतं, चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. लावायचंच तर दुकानात तयार मिळणारं उकळलेलं (बॉइल्ड) तेल, अगदी पातळ हाताने. आणि हे गंभीरपणे घ्या: जवस तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ते स्वतःहून तापून पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर हा धोका अजिबात ओढवून घेऊ नका. फडकी पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, मगच फेका.

तेल सकाळी लवकर, फळ्या गार असताना लावा. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेलं तेल पुसून घ्या, दोन दिवस पाय ठेवू नका.

वर्षभराची निगा

तेलाचे दोन हात वर्षातून पुरतात. एक मृग लागण्याआधी मेच्या अखेरीस, दुसरा दिवाळीच्या साफसफाईत. कधी लावायचं ते कॅलेंडरपेक्षा पाणी अचूक सांगतं: फळीवर चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल शाबूत आहे. पसरून मुरले तर वेळ झाली. ज्या बाजूला पश्चिमेचं ऊन येतं तिथे आधी मुरतील, तेवढ्याच भागाला जादा हात दिला तरी चालतो.

सागवान राखाडी झालं म्हणून घाबरू नका, तो फक्त वरचा रंग आहे. कित्येकांना तो आवडतोही.

ऑगस्टमध्ये सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं आणि डेक निसरडा होतो. मऊ ब्रश, साबणाचं पाणी, रेघांच्या दिशेने घासणं, एवढं पुरे. गाड्या धुवायचा प्रेशर पंप जवळून मारू नका, तो लाकडाचे तंतू उचकटतो. फरशी धुवायचं ॲसिडही नको. फटींतला पाला खराट्याच्या काडीने दर पंधरवड्याला काढा.

कुंडीखाली बशी ठेवली की फळीवर गोल काळा डाग पडणारच. कुंडीला पाय द्या आणि महिन्यातून एकदा जागा बदला. सावजीची पार्टी ठेवलीत आणि तर्री सांडली तर पुसून लगेच कोरडी कणीक टाका, ती तेल ओढून घेते. सकाळपर्यंत थांबलात तर हळदीचा डाग राहील. धुळवडीला डेकवर ताडपत्री, दिवाळीला अनार-भुईचक्र दुसरीकडे.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली वाकून पाहा. ठोकळ्यावर मातीची बारीक नळी चढताना दिसली तर ती वाळवी आहे. नळी मोडून टाका, आणि दोन-चार दिवसांत ती पुन्हा उभी राहिली तर वाळवीची प्रक्रिया करणाऱ्याला बोलवा, वाट पाहू नका.

दिवाळीच्या वेळी प्रत्येक स्क्रू एकदा आवळा आणि टोकांजवळ पेचकसाने टोचून पाहा. चांगल्या लाकडात पेचकस शिरत नाही. पाव इंच सहज गेला तर ती फळी सडायला लागली आहे. तिचे स्क्रू काढा, उलटी करून पाहा, खालून पाणी कुठून येतं ते शोधा आणि आधी ते बंद करा. नवी फळी त्यानंतर. यासाठीच सुरुवातीला मागवलेल्या लाकडातल्या दोन फळ्या तेल लावून घरात, सपाट जागी, ठेवून द्या. त्याच गठ्ठ्यातली फळी पाच वर्षांनी लकडगंजात शोधलीत तर मिळणार नाही.